रोलर चेन ड्राइव्ह: कारखान्यात नव्याने लागलेल्यांसाठी तपासणी आणि देखभाल

गोव्यात डिचोलीतल्या एका काजू कारखान्यात मी मेंटेनन्सला लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात बकेट एलिव्हेटरची (पट्ट्यावरच्या बकेटींनी माल वर नेणाऱ्या मशीनची) चेन घट्ट करायचं काम मिळालं. आयटीआयला फायलिंग, ड्रिलिंग, लेथ सगळं हाताखालून गेलं होतं, चेन ड्राइव्ह मात्र फळ्यावरच पाहिली होती. वर चढलो, मोटरचा बेस मागे सरकवला, चेन ताणली, वरून ऑईल ओतलं आणि खाली उतरलो. दोन आठवड्यांत चेन परत ढिली. परत ताणली. तिसऱ्या वेळी बेस सरकायला जागा उरली नव्हती, म्हणून दोन लिंका कापून काढल्या.

त्यानंतर चौथ्या रात्री चेन दातांवरून उडाली आणि तुटली. भरलेल्या बकेटांचा पट्टा उलटा फिरला आणि वरच्या सगळ्या बिया खालच्या बूटमध्ये, म्हणजे एलिव्हेटरच्या तळाच्या पेटीत, येऊन बसल्या. सकाळपर्यंत आम्ही चौघं फावड्याने बिया उपसत होतो. कोणाला लागलं नाही, हीच मोठी गोष्ट.

ती चेन का तुटली, हे नीट कळायला मला वर्ष गेलं, कारण सांगणारं कोणी नव्हतं. तुम्ही कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत असा, वेर्ण्याच्या असा, नाहीतर पिसुर्लेच्या. बॉटलिंगचा कन्व्हेयर असो की खाद्याचा मिक्सर, चेन सगळीकडे एकाच रीतीने झिजते. म्हणून मला जे उशिरा कळलं ते इथे क्रमाने लिहितोय.

आधी एक गोष्ट पक्की करा: चेन ‘वाढते’ म्हणजे काय

सगळे म्हणतात चेन वाढली, चेन ताणली गेली. मीही तेच समजत होतो, की प्लेटा रबरासारख्या ओढल्या जातात. तसं नसतं. एक सांधा उघडून बघा. बाहेरच्या दोन प्लेटा, त्यांत घट्ट ठोकलेली पिन. आतल्या दोन प्लेटा, त्यांत घट्ट बसवलेला बुश. बुशवर मोकळा फिरणारा रोलर. चेन स्प्रॉकेटवर (दातांच्या चाकावर) चढताना आणि उतरताना प्रत्येक सांधा वाकतो, आणि तेव्हा पिन बुशच्या आत थोडीशी फिरते. झीज होते ती तिथे, पिन आणि बुश यांच्यामध्ये, जिथे तुमची नजर पोचत नाही.

१९.०५ मिमी पिचच्या (पिच म्हणजे शेजारच्या दोन पिनांच्या मध्यांमधलं अंतर) चेनमध्ये प्रत्येक सांधा सरासरी ०.३८ मिमी झिजला, तर १०० लिंकांची चेन ३८ मिमीने लांब होते. म्हणजे जवळजवळ दोन लिंका. मी कापून काढलेल्या दोन लिंका त्याच होत्या. लांबी मी कमी केली, पण प्रत्येक सांध्यातली झीज तशीच राहिली. दोन पिनांमधलं अंतर वाढलेलंच होतं आणि स्प्रॉकेटचे दात जुन्याच अंतरावर. रोलर दातांच्या बुडात बसेनात, वर वर चढत गेले आणि एक दिवस उडाले.

मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये या बुश रोलर चेनचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या चेनमध्ये पिनेवरचा सगळा भार प्लेटच्या पातळ कडेवर यायचा. रेनॉल्ड यांनी बुश घातला आणि तो भार पिनेच्या बऱ्याच रुंदीवर पसरला. एवढ्या वर्षांत पोलाद सुधारलं, रचना तीच राहिली. पिन आणि बुश यांच्यामध्ये ऑईल पोचलं तर चेन टिकते, नाही पोचलं तर झिजते. पुढे जे काही सांगतो ते सगळं याच जागेभोवती फिरतं.

काय काय जवळ हवं

कागद: मशीनचं मॅन्युअल (नसेल तर निदान स्प्रॉकेटच्या दातांची संख्या लिहून ठेवा), चेनच्या बॉक्सवरचं लेबल, वर्क परमिट, आणि चेनची वही. वही नसेल तर आजच दोनशे पानी घ्या.

हत्यारं: स्टीलची फूटपट्टी आणि टेप, व्हर्नियर, एक मीटरची सरळ पट्टी, बारीक मजबूत दोरी, टॉर्च, खडू, चेन ब्रेकर, चेन ओढून धरायचा पुलर, ग्राइंडर, पान्यांचा सेट, रॉकेल, ताठ केसांचा ब्रश, ऑईलचा ब्रश आणि तोटीचा डबा, चिंध्या, गॉगल, स्वतःचं कुलूप आणि टॅग.

१. वीज बंद करा, आणि भारही अडवा

स्टॉप बटण दाबलं म्हणजे मशीन बंद झालं असं समजू नका. आयसोलेटर (मशीनची वीज तोडणारा मुख्य स्विच) ऑफ करा, त्याला स्वतःचं कुलूप लावा, टॅगवर नाव लिहा, चावी खिशात ठेवा. मग खाली येऊन स्टार्ट बटण दाबून बघा. मशीन हललं नाही, तरच गार्ड काढायचा. कुलूप दुसऱ्या कोणाचं आहे म्हणून आपलं लावायचं नाही, असं कधी करू नका. जितकी माणसं कामाला, तितकी कुलपं.

आता दुसरा भाग, जो नव्या मुलांना कोणी सांगत नाही. बकेट एलिव्हेटर, चढावरचा कन्व्हेयर, होइस्ट, या सगळ्यांत वीज गेली तरी वजन तसंच लटकलेलं असतं. एलिव्हेटरच्या एका बाजूच्या बकेटी भरलेल्या, दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या. ते वजन धरून ठेवते ती हीच चेन. तुम्ही मास्टर लिंक (चेनची दोन टोकं जोडणारी, उघडता येणारी लिंक) उघडलीत की धरणारं कोणी राहत नाही, आणि हेड शाफ्ट, म्हणजे वरच्या टोकाचा शाफ्ट, क्षणात उलटा फिरू लागतो. तुमची बोटं तेव्हा नेमकी स्प्रॉकेटजवळ असतात.

म्हणून फीड आधी बंद करा, एलिव्हेटर रिकामा होईपर्यंत चालू द्या आणि मगच थांबवा. भरलेलाच अडकून पडला असेल तर हेड शाफ्टला भक्कम अडसर लावा. बॅकस्टॉप (शाफ्टला उलटं फिरू न देणारा अडकाव) आहे म्हणून त्याच्यावर विसंबू नका, त्याचीही झीज होते.

तपासताना चेन हाताने फिरवावी लागते. दोघं असाल तर एकाने फिरवायचं, दुसऱ्याने बघायचं, आणि ‘हात काढला’ असं मोठ्याने सांगितल्याशिवाय फिरवणाऱ्याने हलवायचं नाही. चेन आणि स्प्रॉकेट जिथे एकत्र येतात तिथे बोट गेलं तर हाताच्या वेगानेही तुटतं. चालत्या चेनला चिंधी, ब्रश, हात काहीही लावायचं नाही. सैल बाही, गळ्यातला टॉवेल, हातमोजे घालून फिरत्या चेनजवळ जायचंच नाही.

२. चेन कोणती ते ओळखा

प्लेटवर आकडा कोरलेला असतो: ०८बी, १२बी, १६बी; किंवा ४०, ६०, ८०. पहिली ब्रिटिश मालिका, दुसरी अमेरिकन. दोन्ही आयएसओ ६०६ या मानकात येतात. ‘बी’च्या आधीचा आकडा म्हणजे पिच इंचाच्या सोळाव्या भागांत: १२बी म्हणजे १२ गुणिले १/१६, म्हणजे पाऊण इंच, १९.०५ मिमी. अमेरिकन आकड्याच्या शेवटचं शून्य सोडलं तर उरतो तो इंचाचा आठवा भाग: ६० म्हणजे ६ गुणिले १/८, पुन्हा पाऊण इंच.

इथेच फसायला होतं. १२बी आणि ६० यांचं पिच एकच, पण रोलरचा व्यास आणि आतली रुंदी वेगळी. १२बीची आतली रुंदी सुमारे ११.७ मिमी, ६०ची सुमारे १२.६ मिमी. दुकानात ‘पाऊण इंची चेन द्या’ म्हणालात तर हातात कोणतीही येऊ शकते. ती बसेल, चालेलही, आणि दातांच्या बाजू खात राहील. एका मालिकेची चेन दुसऱ्या मालिकेच्या मास्टर लिंकने जोडणं तर त्याहून वाईट. जुन्या चेनचा तुकडा बरोबर न्या आणि प्लेटवरचा आकडा जुळवून घ्या. आकडा पुसला असेल तर तीन मापं घ्या: पिच, रोलरचा व्यास, आतली रुंदी.

३. धुण्याआधी बघा

गार्ड काढल्या काढल्या रॉकेल मारायची सवय असते. पाच मिनिटं थांबा. घाणीतच माहिती असते.

डिचोली, सत्तरीच्या पट्ट्यात सगळ्यावर लाल धूळ बसते, त्यामुळे चेनवरचा लाल थर माती आहे की गंज, हे पहिल्या नजरेत कळत नाही. मी असं करतो: चार-पाच सांधे चिंधीने कोरडे पुसून खडूने खूण करतो, गार्ड लावून एक शिफ्ट चालू देतो, मग थांबवून पुन्हा बघतो. माती सगळीकडे सारखी बसते. गंज मात्र आतल्या आणि बाहेरच्या प्लेटच्या फटीतून बाहेर येतो, गेरूच्या बारीक पुडीसारखा, आणि पिनेभोवतीच दिसतो. ती पूड दिसली तर सांधा आतून कोरडा आहे आणि पिन झिजतेय, बाहेरून चेन कितीही ऑईलने माखलेली असो. खात्री करायची असेल तर मास्टर लिंक उघडून पिन बघा. ऑईलचा पातळ थर असलेली गुळगुळीत पिन चांगली. लालसर, खरखरीत पिन कोरडी. पिनेवर ओरखडे आणि निळसर छटा असेल तर ती तापलीय.

बाकी काय बघायचं:

चेन बोटाने वाकवून प्रत्येक सांधा मोकळा आहे का ते बघा. स्प्रॉकेटवरून उतरल्यावर एखादी लिंक वाकडीच राहिली तर तो सांधा जाम आहे.

पिनेच्या डोक्यावर ठोकल्याच्या खुणा सगळ्या एका रांगेत दिसायला हव्यात. एखादी खूण फिरलेली असेल तर ती पिन प्लेटमध्येच फिरतेय. ती चेन काढायची.

प्लेटच्या भोकापासून कडेकडे जाणारी केसासारखी चीर, ओढीच्या काटकोनात. ही वारंवार पडणाऱ्या जादा भाराची चीर. एका प्लेटला दिसली तर बाकीच्याही त्याच वाटेवर आहेत, म्हणून एक लिंक बदलून भागत नाही.

रोलर फुटलेला किंवा गळून पडलेला. आतल्या प्लेटांची आतली बाजू एकाच अंगाने चकचकीत झालेली, म्हणजे लाइन चुकलीय, दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत नाहीत. प्लेटच्या कडा घासून बारीक झालेल्या, म्हणजे चेन गार्डला किंवा गाइडला लागतेय.

मग धुवा. रॉकेल आणि ताठ ब्रश. जवळ ठिणगी, वेल्डिंग, भट्टी काही नको. पेट्रोल वापरू नका. ॲसिड किंवा कॉस्टिकमध्ये चेन बुडवू नका, कठीण केलेलं पोलाद त्याने ठिसूळ होतं आणि नंतर भाराखाली तडकतं. काजूच्या कारखान्यात टरफलाचा चीक चेनवर डांबरासारखा बसतो, तो काढताना हातमोजे हवेतच, कातडी भाजते. प्रेशरच्या पाण्याने चेन धुवायची सवय असेल तर ती सोडा. पाणी सांध्यात शिरतं आणि तिथेच राहतं.

४. मोजा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारंही हेच. दहा मिनिटं लागतात.

या सगळ्या चेन इंचाच्या मापातल्या आहेत, त्यामुळे एक सोपी युक्ती निघते: एक फूट मोजा. ०८बीच्या २४ लिंका, १२बीच्या १६ लिंका, १६बीच्या १२ लिंका, तिन्ही नव्या असताना बरोबर ३०४.८ मिमी भरतात. तिन्ही आकडे सम आहेत, आणि ते सम असणं गरजेचं आहे. झीज झाली की एक आड एक लिंक लांब दिसते, दुसरी मूळ मापाचीच राहते. विषम लिंका मोजल्यात तर आकडा चुकणार.

चेन ताणाच्या बाजूला घट्ट ओढलेली असू द्या. एका पिनेच्या डाव्या कडेवर टेपची १०० मिमीची खूण धरा (टेपचं टोक वापरू नका, ते हलतं), आणि मोजून तेवढ्या लिंकांनंतरच्या पिनेची डावी कड वाचा. त्यातून १०० वजा करा. चेनवर तीन वेगवेगळ्या जागी हेच करा, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. सगळ्यात मोठा आकडा धरायचा, सरासरी काढायची नाही.

आता हिशोब. ३०४.८ च्या २ टक्के म्हणजे ६.१ मिमी. आकडा ३०९ च्या पुढे गेला (सुमारे दीड टक्का) की नवी चेन मागवा. ३११ ला बदला. ३१४ म्हणजे ३ टक्के, त्याच्यापुढे चालवणं म्हणजे स्प्रॉकेटही घालवणं. मोठ्या स्प्रॉकेटवर मर्यादा आणखी खाली येते: दात ६७ हून जास्त असतील तर २०० ला दातांच्या संख्येने भागा, जो टक्का येईल तीच कमाल. १२० दातांना १.६७ टक्के. सेंटर (दोन शाफ्टमधलं अंतर) सरकवायची सोय नसलेल्या ड्राइव्हला एक टक्क्याच्या आसपासच चेन बदलावी.

माझी ती तुटलेली चेन मी नंतर भंगारातून काढून मोजली. १६ लिंका ३१२ मिमी. सव्वादोन टक्क्यांच्या वर. पहिल्या दिवशी टेप लावली असती तर ताणायची वेळच आली नसती.

५. स्प्रॉकेट आणि लाइन

दात बाजूने बघा. चांगल्या दाताच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. झिजलेला दात एका अंगाला कोयत्याच्या टोकासारखा वाकतो. अशा दातावर नवी चेन चढवलीत तर रोलर सुटताना अडकतो, प्रत्येक वेळी झटका बसतो, आणि नवी चेन जुन्या चेनच्या निम्माही काळ टिकत नाही. ‘स्प्रॉकेट अजून चालेल’ हे वाक्य मी खूप ऐकलंय. चेन बदलताना दोन्ही स्प्रॉकेट हातात घेऊन बघा. नीट ऑईल मिळत असेल तर एक स्प्रॉकेट दोन-तीन चेनना पुरतो. दोन्ही अंगांनी सारख्या बनावटीचा असेल तर उलटा बसवून दातांची दुसरी बाजू वापरता येते, पण तेवढ्यात नवा मागवून ठेवा. बेळगावला बनवायला टाकलात तर दात, पिच, बोअर, की-वे आणि हबची लांबी कागदावर लिहून द्या, नुसता जुना नमुना नको. झिजलेल्या नमुन्यावरून झिजलेलाच स्प्रॉकेट बनून येतो.

लाइनसाठी सरळ पट्टी दोन्ही स्प्रॉकेटच्या सपाट बाजूंना लावा. अंतर जास्त असेल तर दोरी ताणून धरा. पट्टी चारही जागी टेकायला हवी. सेंटर अंतर एक मीटरपर्यंत असेल तर फरक १ मिमीच्या आत. त्याआधी शाफ्ट समांतर आहेत का ते दोन टोकांना मोजा. शाफ्ट तिरके ठेवून नुसते स्प्रॉकेट सरकवलेत तर लाइन आज जुळेल, पण चेन तिरकीच ओढली जाणार.

६. ताण

बेल्टची सवय असलेला माणूस चेन तारेसारखी ताणतो. चेनला तसा ताण नको. ती दातांत अडकून ओढते, घर्षणाने नाही. जास्त ताणलीत तर पिन, बुश आणि दोन्हीकडची बेअरिंगं फुकट झिजतात.

चेन फिरवून वरची बाजू घट्ट करा, म्हणजे सगळा ढिलेपणा खाली येतो. खालच्या बाजूच्या मध्यावर चेन वर-खाली हलवून एकूण किती हलते ते मोजा. आडव्या ड्राइव्हला दोन स्प्रॉकेटमधल्या मोकळ्या अंतराच्या सुमारे ४ टक्के: ६०० मिमीला २४ मिमी. उभ्या किंवा खूप चढाच्या ड्राइव्हला, आणि जिथे धक्के बसतात किंवा दिशा उलटते तिथे, २ टक्के: १२ मिमी. एकाच जागी मोजून थांबू नका, स्प्रॉकेट पाव पाव फेरा फिरवून चारदा मोजा. एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी ढिली येत असेल तर स्प्रॉकेट आऊट आहे, म्हणजे मध्यावर फिरत नाही, किंवा शाफ्ट वाकलाय. ताण सगळ्यात घट्ट जागेवर धरून लावा.

आयडलर (चेनचा ढिलेपणा घेणारा मोकळा स्प्रॉकेट) असेल तर तो ढिल्या बाजूला हवा, आणि त्याचे किमान तीन दात चेनमध्ये असावेत.

७. ऑईल

ऑईल पिन आणि बुश यांच्यामध्ये जायला हवं आणि तिथे जायची वाट एकच: आतल्या आणि बाहेरच्या प्लेटच्या कडांमधली बारीक फट. रोलरच्या मध्यावर ओतलेलं ऑईल रोलरला मिळतं, पिनेला नाही. मी पहिल्या दिवशी नेमकं तेच केलं होतं.

मशीन नुकतंच थांबलेलं, चेन अजून कोमट, ही सगळ्यात चांगली वेळ. गरम असताना ऑईल पातळ होऊन आत शिरतं. खालच्या ढिल्या बाजूला, चेनच्या आतल्या अंगाने, दोन्ही प्लेटांच्या फटींवर ब्रशने लावा. मग हाताने चेन पुढे फिरवा, पुढचा भाग. एक पूर्ण फेरा झाला की वीसेक मिनिटं मुरू द्या आणि बाहेरचं जादा पुसून टाका, नाहीतर धूळ चिकटते. हाताने ऑईल देत असाल तर साधारण दर आठ तासांनी, म्हणजे प्रत्येक शिफ्टला. एवढं जमत नसेल तर ड्रिप (थेंब थेंब ऑईल सोडणारी सोय) बसवून घ्या, त्याचा खर्च एका चेनमध्ये निघतो. ऑईल बाथ असेल तर सगळ्यात खालची चेन रोलरच्या मध्यापर्यंतच बुडू द्या. जास्त भरलंत तर ऑईल घुसळून तापतं.

कोणतं ऑईल? आपल्याकडच्या हवेत साध्या ड्राइव्हला एसएई ३०, म्हणजे साधारण आयएसओ व्हीजी १००. रोस्टर किंवा ड्रायरजवळ उष्णतेसाठीचं चेन ऑईल. काजूचा गर, मासळी, पेयं जिथे उघडी जातात तिथे फूड-ग्रेडच, आणि ड्राइव्हखाली ट्रे.

काय नको: ग्रीस. ते बाहेर दिसायला छान दिसतं आणि फटीतून आत जात नाही, उलट ऑईलची वाट बंद करतं. गाडीतून काढलेलं जुनं ऑईल. त्यात धातूचे बारीक कण असतात, ते तुम्ही स्वतःच्या हाताने सांध्यात भरता. गंज सोडवायचा स्प्रे. तो जाम सांधा सोडवायला ठीक, पण चेन त्याच्यावर चालत नाही. नव्या चेनवर कंपनीचा थर असतो, तो मात्र धुवू नका.

८. चेन बदलताना

नवी चेन जुन्या चेनशेजारी जमिनीवर ठेवून त्या लांबीला कापू नका. जुनी २ टक्के लांब झालीय. १०० लिंकांवर तुमची नवी चेन दोन लिंका जास्त निघेल. लिंका मोजा, दोनदा मोजा, आणि सम संख्या ठेवा. विषम आली तर हाफ लिंक (वाकवलेल्या प्लेटांची एकच लिंक) लावावी लागते, आणि ती वाकडी प्लेट चेनमधली सगळ्यात कमजोर जागा होते. सेंटर सरकवून सम संख्या जमवता येते का ते आधी बघा.

कापायच्या लिंकेच्या दोन्ही पिनांची ठोकलेली डोकी ग्राइंडरने प्लेटला सपाट करा, गॉगल घालून. मग चेन ब्रेकरने दोन्ही पिना आळीपाळीने थोड्या थोड्या ढकला. घणाने एकदम ठोकलीत तर शेजारची बुश हलते. काढलेली पिन परत वापरायची नाही. मास्टर लिंकची प्लेट घट्ट बसते म्हणून भोक घासून मोठं करायचं नाही, घट्ट बसणं हाच तिचा जोर आहे. चेनवर वेल्डिंग कधीही नाही. झिजलेल्या चेनमध्ये नव्या लिंका घालायच्या नाहीत. नव्या लिंकेचं पिच लहान, ती प्रत्येक फेऱ्याला झटका खाते.

मास्टर लिंकची स्प्रिंग क्लिप: बंद टोक चेन जाते त्या दिशेला, उघडं टोक मागे. उलटी बसली तर कशालाही अडकून उडते. दिशा बदलणाऱ्या ड्राइव्हला क्लिप लावूच नका, स्प्लिट पिनची किंवा ठोकायची लिंक घ्या.

९. पाऊस आणि चवथ

जून ते सप्टेंबर ऑईल देण्याचं वेळापत्रक सैल सोडू नका. दमट हवेत उघडा सांधा एका रात्रीत तांबूस होतो, समुद्राजवळ तर खारं वारंही आहे. आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, कारखाना काही दिवस बंद असतो. बंद करायच्या दिवशी, सगळे घरी जायच्या घाईत असतात तेव्हाच, चेन कोमट असताना पूर्ण फेरा ऑईल द्या. उघड्यावरच्या ड्राइव्हवर ताडपत्री टाका, पण तळाशी हवा खेळू द्या. परत आल्यावर थेट स्टार्ट करू नका. कुलूप लावा, हाताने एक फेरा फिरवा, जाम सांधे सोडवा, ऑईल द्या, मग चालू करा.

स्टोअरमधली नवी चेन तिच्या मूळ पाकिटातच ठेवा, जमिनीवर नाही. पाकीट उघडलं असेल तर चेनला ऑईल लावून ऑईल पेपरमध्ये गुंडाळा.

१०. सुरू करा आणि लिहा

हत्यारं मोजा, चिंध्या मोजा. गार्ड लावा, सगळे बोल्ट घट्ट करा. गार्डशिवाय ‘एक मिनिट बघू’ असं करू नका. १९४८ च्या कारखाना कायद्यात फिरत्या भागांना झाकण सक्तीचं करताना ज्या जागा मनात होत्या, त्यांतली ही एक. आपलं कुलूप आपणच काढा. आधी रिकामं चालवा, दहा-पंधरा मिनिटं. एकसारखी घरघर ठीक. ठरावीक वेळाने टक-टक येत असेल तर जाम सांधा किंवा खराब दात. सतत खरखर येत असेल तर चेन गार्डला लागतेय. मग अर्धा भार, मग पूर्ण.

नवी चेन पहिल्या काही तासांत थोडी बसते. म्हणून पहिल्या शिफ्टनंतर ताण बघा, आठवड्याने पुन्हा बघा. त्यानंतर दर आठवड्याला नजरेची तपासणी आणि महिन्याला टेप.

वहीत प्रत्येक ड्राइव्हला एक पान. वर चेनचा नंबर, लिंकांची संख्या, दोन्ही स्प्रॉकेटचे दात, बसवल्याची तारीख. खाली रकाने: तारीख, तीन मापं, ढिलेपणा मिमीमध्ये, ऑईल कोणतं, काय दिसलं, सही. आमच्या एलिव्हेटरच्या पानावरच्या शेवटच्या तीन ओळी अशा आहेत: ३०५.५, ३०६, ३०६. नवी चेन लावून सहा महिने झाले. ३०९ ची नोंद झाली की दुकानात फोन करायचा, हे पानाच्या वरच लाल पेनाने लिहून ठेवलंय, कारण त्या दिवशी शिफ्टला मी असेन असं नाही.